आधी नवऱ्याने तपासावं

सांगवीतल्या एखाद्या घरात पाळी चुकते, तेव्हा पहिली तपासणी बाथरूममध्येच होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली पट्टी, सकाळची लघवी, दोन रेघा. मग नाव घालायला दवाखान्यात जायचं. तिथे हिमोग्लोबिन बघतात, रक्तगट बघतात, साखर बघतात आणि एचआयव्हीही बघतात. गरोदरपणातली ही तपासणी व्हायलाच हवी. आईला वेळेत औषध सुरू झालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. काहीच केलं नाही तर ती १५ ते ४५ टक्के असते. कितीतरी मुलं या एका तपासणीमुळे निरोगी जन्माला आली.

या चांगल्या योजनेची दुसरी बाजू मात्र आपण बोलून दाखवत नाही. बहुतेक घरांत एचआयव्हीची तपासणी पहिल्यांदा होते ती सुनेची. नवऱ्याची कधी झालेलीच नसते, कारण त्याला दवाखान्यात बोलावणारं निमित्त आलेलं नसतं. तिच्या रिपोर्टमध्ये काही निघालं, की घराच्या हिशेबात रोग तिच्यापासून सुरू होतो. जिचा कागद आधी आला, तिच्यावर खापर आधी फुटतं. "हिनेच आणला" हे वाक्य उच्चारायला कुणाला पुरावा लागत नाही, तारीख पुरते. माहेरी पाठवणी होते, भांडी वेगळी होतात, आणि नवरा तपासणीला येतो तो महिन्यांनी, किंवा येतच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवऱ्याने आधी तपासावं. बायकोला दिवस जाण्याची वाट न बघता, लग्न ठरलं असेल तर लग्नाआधी, झालं असेल तर या महिन्यात. आणि दवाखान्याच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, ही सबब आता पुरेशी नाही, कारण ही तपासणी घरात बसूनही करता येते.

रोग नवऱ्याकडूनच बायकोकडे येतो, हा आरोप मी हवेत करत नाही. पुराव्यासाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत, सांगवीहून नाशिक फाटा ओलांडला की थोड्या अंतरावर, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली संस्था आहे. १९९२ साली स्थापन झालेली, 'नारी' या नावाने ओळखली गेलेली. या संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला. १९९७ मध्ये तो 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्येही शंभरातल्या १३.६ जणींना एचआयव्ही होता. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात एकच पुरुष पाहिला होता, तो म्हणजे नवरा. या बायका पुण्यातल्या होत्या, मंगळसूत्र घालणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी जगातली सगळ्यात धोकादायक गोष्ट लग्न हीच ठरली होती. आज लागणीचं प्रमाण तेव्हापेक्षा बरंच खाली आलं आहे. तरीही २०२१ च्या अंदाजानुसार देशातल्या सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधितांपैकी ३.९४ लाख महाराष्ट्रात होते, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि कुणाच्या रक्तात काय आहे हे आधी कुणाला कळावं, याचा घरातला क्रम तर बदललेलाच नाही.

आपल्या भागाकडे बघा. सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी, कासारवाडी इथल्या खोल्यांमधून रोज पहाटे माणसं कंपनीच्या बसला उभी राहतात. कुणी चाकणला जातं, कुणी भोसरीला, कुणी तळवड्याला. त्यांतले कितीतरी जण मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून एकटे आलेले असतात. बायको गावी, इथे चौघांत एक खोली, महिन्याला पाठवायचे पैसे आणि उरलेला एकटेपणा. मी या माणसांना दोषी धरायला बसलेलो नाही. एकट्या तरुण माणसाच्या आयुष्यात काय काय घडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. दिवाळीला तो गावी जातो, बायकोला भेटतो, परत येतो. त्याच्या आयुष्यात काय घडलं याचा जाब मी विचारत नाही. गावची गाडी पकडण्याआधी स्वतःच्या रक्ताची खबर घेण्याइतकी काळजी त्याने बायकोची करावी, एवढंच मागतो.

"मला काय झालंय? मी तर ठणठणीत आहे," हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. एचआयव्हीची अडचण नेमकी हीच आहे. लागण झाल्यावर माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. वजन घटत नाही, ताप येत नाही, शिफ्ट चुकत नाही. विषाणू तेवढ्या काळात पुढे जात राहतो, तोही सगळ्यात जवळच्या माणसाकडे. म्हणून तब्येतीवरून अंदाज बांधण्याला काही अर्थ नाही. रक्तालाच विचारावं लागतं.

घरी तपासायचं म्हणजे काय करायचं, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण याबाबत अर्धवट माहिती फार फिरते. स्वतः करायच्या किटमध्ये एक तर बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा असतो, नाहीतर छोटा बोळा वरच्या आणि खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवायचा असतो. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं आहेत का, हे ती पट्टी बघते. लाळेतून एचआयव्ही पसरतो असा याचा अर्थ नाही. हिरड्यांच्या द्रवात प्रतिपिंडं सापडतात, एवढंच. अमेरिकेत हिरड्यांवरच्या अशा किटला २०१२ साली घरगुती वापरासाठी परवानगी मिळाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः तपासणी करण्याची शिफारस सगळ्या देशांना केली.

घरात बसून स्वतःची तपासणी करणं आपल्याला नवीनही नाही. मधुमेही माणूस ग्लुकोमीटरवर साखर बघतो. मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्य केलेलं करोनाचं पहिलं घरगुती किट पुण्याच्या मायलॅब कंपनीचं होतं. तेव्हा आपल्या इमारतींतल्या आजी-आजोबांनीसुद्धा नाकात काडी फिरवून घड्याळ लावलं आणि रेघा मोजल्या. "आमच्याकडे दोघं पॉझिटिव्ह आहेत, जिन्यात येऊ नका" असं मोठ्याने सांगितलं, आणि शेजाऱ्यांनी दाराशी डबा आणून ठेवला. तोच शब्द, 'पॉझिटिव्ह', दुसऱ्या रोगासाठी आला की डबा येणं बंद होतं. आपल्या मनातली ही दोन मापं मला फार टोचतात. करोना तर श्वासातून शेजाऱ्याला लागत होता. एचआयव्ही शेजारी बसून, एका ताटात जेवून, एकच संडास वापरून, डास चावून लागत नाही, हे शाळेतली मुलंही सांगतात.

घरच्या तपासणीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हिरड्यांवरच्या त्या अमेरिकन किटची परीक्षा सामान्य माणसांच्या हातून घेतली गेली. लागण नसलेल्यांना ते जवळजवळ कधीच चुकीचा धक्का देत नाही. पाच हजारांत एखाद्यालाच. पण प्रत्यक्ष लागण असलेल्या १२ जणांमागे एकाला ते 'काही नाही' असं सांगून मोकळं करतं. चुकीचा दिलासा चुकीच्या धक्क्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण असा माणूस निर्धास्तपणे घरी जातो. त्यातून आणखी एक पेच असतो. लागण झाल्या झाल्या प्रतिपिंडं तयार होत नाहीत. मधल्या काळात, ज्याला डॉक्टर 'विंडो पिरियड' म्हणतात, पट्टी कोरीच राहते. अशा किटसाठी तीन महिने धरून चालावं. शनिवारी रात्री काही घडलं आणि सोमवारी पट्टी कोरी आली, याला काडीचाही अर्थ नाही. त्या सोमवारी पट्टीपेक्षा दवाखाना महत्त्वाचा. धोका होऊन ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं आणि २८ दिवस घेतलं, तर लागण बऱ्याचदा रोखता येते. ही माहिती दर शिफ्टमधल्या दर मुलाला असायला हवी, आणि ती कुणालाच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी सूचना साध्या आहेत, पण त्या पाळायला हव्यात. पाकिटावर स्वतः वापरण्यासाठी असल्याचं लिहिलेलं आणि भारतातल्या परवान्याचा उल्लेख असलेलंच किट घ्या. दवाखान्यांसाठीच्या पट्ट्या स्वस्त मिळाल्या म्हणून आणू नका. मुदत संपलेली नाही ना, बघा. माहितीपत्रक आधी पूर्ण वाचा. वेळ घड्याळावर मोजा. सांगितलेल्या वेळेआधी किंवा नंतर बघितलेली रेघ धरायची नाही. पट्टीवरच्या 'सी'समोर रेघच उमटली नाही तर ती तपासणी बाद. 'टी'समोरची रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच. एचआयव्हीच्या गोळ्या आधीपासून चालू असलेल्याने ही पट्टी वापरू नये, तिचं उत्तर फसवू शकतं. आणि दारू पिऊन, भांडण करून, रात्री दोन वाजता एकट्याने बसून हे करू नका. सकाळी करा, सुट्टीच्या दिवशी, ज्याला फोन करता येईल असं एक तरी माणूस मनात ठरवून.

रेघ दिसली तर? तर एवढंच कळलं, की पक्की तपासणी हवी. आपल्या देशात लक्षणं नसलेल्या कुणालाही वेगवेगळ्या तीन किटांवर रक्त तपासल्याशिवाय एचआयव्हीबाधित ठरवत नाहीत. ती तपासणी सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, आयसीटीसीत, फुकट होते. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. सांगवीकरांना त्यासाठी कुठे लांब जायचं नाही. सांगवी फाट्यावर औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. नवी सांगवीतून माणूस चालत पोचतो. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा देशभरचा क्रमांक मोफत आहे. ज्याला किट परवडत नाही किंवा खात्रीचं मिळत नाही, त्याने सरळ केंद्रातच जावं. घरची तपासणी दारापर्यंत नेते, आत केंद्रातच जायचं असतं. पट्टीवर रेघ दिसली आणि माणूस ती कचऱ्यात टाकून गप्प बसला, तर त्याने न तपासलेलंही परवडलं असतं, असं म्हणायची पाळी येते, कारण आता तो जाणूनबुजून गप्प आहे.

आणि गप्प बसायचं कारण तरी काय उरलंय? १ एप्रिल २००४ पासून या देशात एचआयव्हीचं औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळतं. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध सुरू करतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी होण्याची वाट बघत नाहीत. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. याच भोसरीच्या संस्थेने एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला होता. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांनी तर हेही दाखवलं, की नियमित औषधाने विषाणू रक्तात सापडेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे ज्याने तपासलं आणि नियमित गोळी घेऊन विषाणू दाबून ठेवला, तो नवरा बायकोसाठी धोका उरत नाही. ज्याने तपासलंच नाही तोच धोका असतो. पुण्यातल्या जोडप्यांनी स्वतःचं आयुष्य अभ्यासाला दिलं म्हणून जगाला हे कळलं, आणि त्याच पुण्याच्या कुशीतल्या वस्त्यांत अजून कुणाला ते ठाऊक नाही.

भीती नोकरीची असते, हे मी मान्य करतो. कंत्राटी कामगाराची नोकरी तर एका फोनवर जाते. पण याही बाबतीत निकाल आपल्याच बाजूने लागलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९९७ मध्ये एका हंगामी कामगाराचा खटला झाला. सरकारी मालकीच्या कंपनीत काम करणारा हा माणूस तब्येतीने धडधाकट होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला काम नाकारलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, की काम करण्याची ताकद असलेल्या माणसाला केवळ या कारणासाठी दूर ठेवता येणार नाही. निकालात त्याचं नाव नाही. 'एमएक्स' एवढीच अक्षरं आहेत, कारण नाव झाकण्याचा त्याचा हक्कही न्यायालयाने मानला. पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कुणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. चाकणच्या किती कारखान्यांत हा कायदा भिंतीवर लावलेला आहे? कामगार संघटनांनी, कंत्राटदारांनी, मनुष्यबळ विभागांनी याचं उत्तर द्यावं.

त्याच कायद्यात एक तरतूद मला फार शहाणी वाटते. लागण असलेल्याने जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी, आपली स्थिती आधी सांगणं हाही त्याचा एक मार्ग, असं कायदा म्हणतो. पण तसं केल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असलेल्या बाईला त्यातून सूट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपली घरं माहीत होती.

इथे एक इशारा तितक्याच जोराने द्यायला हवा. स्वतःची तपासणी म्हणजे स्वतःचीच. सुनेला बाथरूममध्ये पाठवून "करून आण" म्हणणं, भाडेकरूला खोली देण्याआधी पट्टी मागणं, मुकादमाने हेल्परांना ओळीत उभं करून बोटं टोचणं, हे सगळं गुन्ह्याच्या जातीचं आहे. तपासणी दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, हे गोव्याने १९८९ मध्ये पाहिलं. डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केलं होतं. त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे हे त्याच्याआधी पोलिसांना कळलं. फेब्रुवारीत त्याला उचललं आणि म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. त्या वेळच्या गोव्याच्या कायद्यात तशी सोय होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. बाहेर आल्यावर तो बाधितांसाठी झटला आणि १९९२ मध्ये गेला. आज एखादा मुलगा आपल्या खोलीत, कडी लावून, स्वतःच्या हाताने बोट टोचतो आणि उत्तर सगळ्यांत आधी त्यालाच कळतं, या साध्या गोष्टीमागे डॉमिनिकचे ते ६४ दिवस आहेत.

महाराष्ट्राला गुप्तरोगांचा हा विषय नवा नाही, म्हणून आपली टाळाटाळ अधिक खटकते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, गुप्तरोगांबद्दल स्वच्छ मराठीत लिहिलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शरीराबद्दल खरं बोलण्यासाठी या दोघांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. आपल्याला तर फक्त स्वयंपाकघरात तोंड उघडायचं आहे.

आणि ते तोंड उघडायची वेळ येते ती अशी. समजा, सांगवीतल्या एखाद्या आईला कपडे धुवायला टाकताना मुलाच्या बॅगेत रिकाम्या किटचं खोकं सापडलं. चोवीस-पंचवीसचा मुलगा, चाकणला कामाला, पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचं चाललेलं. तिच्या जिभेवर पहिलं वाक्य येणार, "कुठे शेण खाल्लंस?" माझ्या आईच्याही आलं असतं. पण तिने क्षणभर थांबून बघावं. ज्याला कुणाची पर्वा नाही त्या मुलाच्या बॅगेत असं खोकं सापडत नाही. जी मुलगी अजून या घरात आलेलीसुद्धा नाही, तिचा विचार या मुलाने केला आहे. त्या रात्री बाप जेवायला बसण्याआधी तिने मुलाला गॅलरीत बोलवावं आणि विचारावं, "रिपोर्ट काय आला ते तुला वाटलं तरच सांग. सांगवी फाट्याला जायचं असलं तर मी येते बरोबर, बाहेर बाकावर बसेन."